पोलादांत मुरणारा कर्ब

खेड्यांतील लोहाराच्या भात्यापाशीं ज्यानें घटकाभर उभें राहून पाहिलें असेल, त्याच्या ओळखीचें एक दृश्य आहे. कोयत्याचें पातें लाल होईपर्यंत तापवून लोहार तें शेजारच्या पाण्याच्या कुंडींत बुडवितो. चर्र असा आवाज होतो, वाफ उसळते, आणि मघांपर्यंत मऊ असलेलें पातें क्षणार्धांत कठिण होऊन बाहेर येतें. यालाच 'पाणी देणें' असें म्हणतात. धार टिकली नाहीं तर पाणी नीट बसलें नाहीं असें गिऱ्हाईक म्हणतें, आणि तेजस्वी मनुष्याला पाणीदार म्हणण्याची मराठी भाषेला संवय आहे. परंतु कोयत्याच्या कठिणपणाचें सगळें श्रेय पाण्याच्या पदरांत टाकणें न्यायाचें होणार नाहीं. पाणी हें निमित्त. घेणाऱ्याच्या अंगीं आधींच कांहीं असावें लागतें.

हें 'कांहीं' कोणतें, याची परीक्षा सोपी आहे. एक साधा मऊ पोलादी खिळा आणि एक जुनी कानस अशा दोन वस्तु सारख्याच लाल तापवाव्या आणि एकाच बादलींतील पाण्यांत बुडवाव्या. कानस कांचेसारखी ठिसूळ होते. हातोडीचा एक घाव बसतांच तिचे दोन तुकडे होतात. खिळा मात्र पूर्वीप्रमाणेंच पक्कडीनें वांकवितां येतो. विस्तव तोच, पाणी तेंच. मग फळ निराळें कां? तर कानशीच्या पोलादांत शेंकडा एक भागाहून थोडा अधिक कर्ब असतो, आणि खिळ्यांत त्याचा सुमारें दहावा हिस्सा. कर्ब म्हणजे कोळशाचें मूलद्रव्य. लोखंडाच्या शंभर भागांत हा एखादा भाग आहे कीं नाहीं, एवढ्यावर त्याचा सारा स्वभाव अवलंबून असतो.

आतां यंत्रें घडविणाऱ्यापुढील अडचण पाहावी. खंबाटकीचा घाट उतरणाऱ्या प्रवासी मोटारीच्या गिअरपेटींत दांतेदार चाकें एकमेकांत अडकून फिरत असतात. एका चाकाचा दांत दुसऱ्याच्या दांतावर सारखा घासतो. त्याचा पृष्ठभाग कठिण नसेल तर थोड्याच दिवसांत तो झिजून जाईल. त्याच वेळीं दांतावर धक्क्यामागून धक्के बसतात. तो आरपार कठिण असेल तर कानशीप्रमाणें ताडकन मोडेल. म्हणजे एकाच दांताला दोन परस्परविरोधी गुण हवेत: वरून न झिजण्याइतकी कठिणता आणि आंतून न मोडण्याइतकी चिवटता. यावर तोड अशी कीं, दांत मुळांत शेंकडा ०.२ च्या आसपास कर्ब असलेल्या चिवट पोलादाचा घडवावयाचा, आणि मागाहून त्याच्या केवळ कातडीला शेंकडा ०.८ ते ०.९ पर्यंत कर्ब चारावयाचा. ही कातडी बहुधा अर्धा ते दीड मिलिमीटर जाड असते. कारखान्यांतील मंडळी या कृतीला 'केस हार्डनिंग' म्हणतात, आणि त्यांतील कर्ब चारण्याचें काम वायूकडून करून घेतलें म्हणजे त्याला 'गॅस कार्ब्युरायझिंग' म्हणतात. पुणें व पिंपरी-चिंचवड या भागांत मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांना हें काम नित्याचें आहे. घन पोलादाच्या अंगांत कोळसा शिरतो तरी कसा, आणि तो नेमका हवा तितकाच कसा शिरवितात, हा या भाषणाचा विषय आहे.

लोखंडाला कोळसा चारण्याची विद्या मनुष्यानें तिचें मर्म कळण्यापूर्वींच हस्तगत केली होती. दक्षिण भारतांत 'वुट्झ' या नांवानें जगप्रसिद्ध झालेलें पोलाद करतांना मातीच्या मुशींत घडीव लोखंड व तरवडाच्या लांकडाचे तुकडे घालून, वर हिरवीं पानें ठेवून, मुशीचें तोंड मातीनें बंद करीत आणि ती तीव्र आंचेंत ठेवीत. इंग्लंडांत शेफील्ड येथें लोखंडाच्या कांबी आणि लोणारी कोळसा दगडी पेट्यांत थरांवर थर रचून बंद करीत आणि आठवडाभर किंवा अधिकहि काळ भट्टी पेटती ठेवीत. कांबी बाहेर निघत त्या अंगभर फोड आलेल्या; म्हणून त्या पोलादाला 'फोडांचें पोलाद' असेंच नांव पडलें. त्या भट्ट्यांपैकीं १८४८ सालीं बांधलेली एक भट्टी शेफील्ड शहरांत अजून उभी आहे. तिचें काम १९५१ सालीं थांबलें.

फ्रान्समध्यें रेओम्यूर या शास्त्रज्ञानें १७२२ सालीं घडीव लोखंडाचें पोलाद करण्याच्या कलेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. कोळसा, काजळी, राख, मीठ यांचीं नाना मिश्रणें करून त्यानें प्रयोग केले. तरी लोखंडांत नेमकें काय शिरतें हें कोडें उरलेंच. स्वीडनच्या बर्गमननें १७८१ सालीं, आणि पुढें १७८६ सालीं फ्रान्सच्या व्हांदरमोंद, बर्तोले व मोंज या तिघांनीं, घडीव लोखंड, पोलाद व बीड यांतील भेद कर्बाच्या कमीअधिक प्रमाणाचा आहे हें उलगडून दाखविलें, तेव्हां कोठें त्या जुन्या विद्येला शास्त्राचा आधार मिळाला.

कर्ब हाच जर हवा, तर तो कोळशाच्याच रूपानें कां द्यावा? हा प्रश्न ज्याला सुचला त्याचें नांव निराळ्याच कारणानें घरोघरीं पोंचलें आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनें १८२३ सालीं रबर लावलेल्या जलाभेद्य कापडाचें पेटंट घेतलें, आणि पावसांत घालण्याच्या अंगरख्याला इंग्रजींत त्याचेंच नांव मिळालें. याच मॅकिंटॉशनें १८२५ सालीं दुसरें एक पेटंट घेतलें. बंद भांड्यांत लोखंड शुभ्र तापवून त्यावरून दगडी कोळशाचा वायु, म्हणजे त्या काळीं रस्त्यांवरील दिव्यांत जळणारा वायु, सोडला असतां लोखंडाचें पोलाद होतें, असें त्याचें म्हणणें होतें. म्हणणें खरें होतें. परंतु तेवढ्या उष्णतेंत गळणार नाहीं अशी भट्टी त्या काळीं बनवितां येईना, आणि कल्पना व्यवहारांत उतरली नाहीं. तीव्र आंच सोसणाऱ्या मिश्रधातु आणि वायूचें प्रमाण मोजणारीं साधनें विसाव्या शतकांत हातीं आलीं, तेव्हांच त्या विचाराला फळ धरलें.

गंमतीची गोष्ट अशी कीं, कोळशाच्या बंद पेटींतहि कर्ब पोंचविण्याचें काम मुख्यत्वेंकरून वायूच करीत असतो. कोळशाचा खडा लोखंडाला जेथें टेकेल ती जागा सुईच्या टोंकाएवढी. तेवढ्यानें सबंध कांब सारखी कशी भरावी? पेटींत अडकलेल्या हवेंतील प्राणवायु कोळशाशीं मिळून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु तयार होतो. त्याच्या प्रत्येक कणांत कर्बाचा एक अणु व प्राणवायूचा एक अणु असतो. असे दोन कण तप्त लोखंडाच्या पृष्ठभागावर एकत्र आले कीं, कर्बाचा एक अणु लोखंडाच्या स्वाधीन करितात आणि आपण कर्बाम्लवायु, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, होऊन परततात. हा रिता झालेला वायु पुन्हां कोळशापाशीं जातो, तेथें कर्ब घेतो, आणि पुन्हां लोखंडाकडे येतो. विहिरीवरची मोट जशी भरून वर येते, थारोळ्यांत रिती होते आणि पुन्हां खालीं जाते, तशी ही येरझार चालते. वायूच्या भट्टींत कोळशाची विहीर काढून टाकली एवढेंच. मोट तीच राहिली.

पण थारोळ्यांत पडलेलें पाणी पुढें पाटानें वाहिलें पाहिजे. पृष्ठभागावर आलेला कर्ब आंत शिरतो कोठून? पोलाद भरींव दिसलें तरी त्याचे अणु एका ठराविक रचनेनें मांडलेले असतात, आणि त्यांच्यामध्यें पोकळ्या राहतात. साध्या उष्णतामानांत लोखंडाचे अणु घनाकृतीच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मध्यभागीं असे बसतात. शुद्ध लोखंड ९१२ अंश सेंटिग्रेडच्या वर तापलें म्हणजे ही मांडणी मोडते. अणु आठ कोपऱ्यांवर आणि सहा बाजूंच्या मध्यांवर जाऊन बसतात, आणि घनाचा मध्य मोकळा होतो. स्वीडनच्या वेस्टग्रेननें १९२१ च्या सुमारास क्ष-किरणांच्या साह्यानें ही मांडणी ओळखली. पोलादांत कर्ब असल्यास हा पालट थोड्या कमी उष्णतेंतहि होतो.

येथें एक विरोधाभास आहे. पहिल्या मांडणींत अणूंनीं शेंकडा ६८ भाग जागा व्यापलेली असते आणि दुसऱ्या मांडणींत ७४ भाग. म्हणजे दुसरी मांडणी अधिक दाट आहे. तरी कर्ब शिरतो तो दुसरींतच. कारण पहिलींत मोकळी जागा एकूण अधिक असली तरी ती लहान लहान फटींत वांटली गेलेली असते. दुसरींत ती एकत्र येऊन कर्बाच्या अणूला कशीबशी पुरेल एवढी खोली तयार होते. वाड्यांत दहा कोनाडे असले म्हणून पाहुणा झोपेल असें नाहीं. त्याला एक खोली हवी. पहिल्या मांडणींत फार तर शेंकडा ०.०२ कर्ब मावतो, तर दुसरींत शेंकडा २.१ पर्यंत, म्हणजे शंभर पट. भट्टी सुमारें ९२५ अंशांवर ठेवतात ती केवळ घाई व्हावी म्हणून नव्हे, तर हें दार उघडें राहावें म्हणून. या दुसऱ्या मांडणीच्या पोलादाला 'ऑस्टेनाइट' म्हणतात. सर विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टेन या इंग्रज धातुशास्त्रज्ञाच्या नांवावरून तें पडलें आहे.

आतां आजच्या भट्टींत डोकावून पाहूं जातां प्रथम वायु तयार करण्याचें यंत्र लागतें. नैसर्गिक वायु किंवा प्रोपेन यांत मोजकीच हवा मिसळून तें मिश्रण सुमारें १,००० अंशांहून अधिक तापलेल्या निकेलयुक्त विटांच्या तुकड्यांवरून नेतात. नैसर्गिक वायूपासून जें मिश्रण निघतें त्यांत सुमारें शेंकडा २० भाग कार्बन मोनॉक्साइड, ४० भाग हायड्रोजन आणि ४० भाग नत्रवायु असतो. हा वाहक वायु भट्टींत भरून राहतो. येथें कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन दोघे मिळून पोलादाला कर्ब देतात आणि त्यांची पाण्याची वाफ होते. सगळ्या क्रियांत ही फार जलद चालते.

परंतु ही क्रिया एकेरी नाहीं, उलटहि फिरते, आणि साऱ्या शास्त्राची मेख येथें आहे. भट्टींत पाण्याची वाफ अथवा कर्बाम्लवायु वाढूं लागला, तर तेच वायु पोलादांतील कर्ब उचलून परत नेऊं लागतात. जो सावकार कर्ज देतो तोच वसूलहि करितो. म्हणून वाहक वायूबरोबर थोडा नैसर्गिक वायु किंवा प्रोपेन जास्तीचा सोडतात. तो त्या वाफेशीं व कर्बाम्लवायूशीं मिळून त्यांना पुन्हां कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांच्या रूपांत आणतो. देणें आणि घेणें जेथें समसमान होतें, त्या ठिकाणीं पोलादाच्या पृष्ठभागावर कर्बाचें जें प्रमाण असेल त्याला वायूची 'कर्बशक्ति' म्हणतां येईल. कर्बशक्ति शेंकडा ०.८ ठेवली, तर पोलादाचा पृष्ठभाग ०.८ पर्यंत भरतो आणि थांबतो. त्याहून अधिक कर्ब असलेला तुकडा त्याच भट्टींत ठेवला, तर तो आपला जास्तीचा कर्ब गमावून बसतो.

ही शक्ति डोळ्यांना दिसत नाहीं. ती मापावी लागते. वायु थंड करीत गेल्यास त्यांतील वाफेचें दंव कोणत्या उष्णतामानावर धरतें, तें पाहण्याची एक रीत आहे. कर्बाम्लवायूचें प्रमाण मोजण्याची दुसरी आहे. तें शेंकडा एकाचा केवळ कांहीं अंश असतें. अलीकडे बहुतेक ठिकाणीं झिर्कोनियाच्या नळीचा प्राणवायुमापक भट्टींतच बसवितात. तो सुमारें एक व्होल्टाचा विद्युद्दाब दाखवितो, आणि त्याच्या थोड्याशा चढउतारावरून वायु कमीजास्त सोडला जातो. या सर्व यंत्रांना खोटें पाडील अशी एक साधी परीक्षा मात्र अजून टिकून आहे. कागदासारखा पातळ पोलादी पत्रा तोलून भट्टींत टांगावयाचा. तो आरपार कर्बानें भरला म्हणजे बाहेर काढून पुन्हां तोलावयाचा. वजन जितकें वाढलें तितका कर्ब आंत गेला. तराजू कोणाची भीड धरीत नाहीं.

पृष्ठभाग भरला म्हणजे काम संपलें असें नव्हे. कर्ब आंत मुरला पाहिजे. 'मुरणें' हा स्वयंपाकघरांतील शब्द येथें जितका चपखल बसतो तितका दुसरा बसणार नाहीं. कैरीच्या फोडीला मीठ लागतांच तिची कड खारट होते, पण गाभ्यापर्यंत मीठ पोंचावयास दिवस लागतात, आणि फोड जाड असेल तर फारच लागतात. ज्या बाजूस दाटी अधिक त्या बाजूकडून विरळ बाजूकडे कण सरकत जातात, या व्यापाराचा गणिती नियम जर्मनीच्या आडोल्फ फिक यानें १८५५ सालीं सांगितला. घन धातूंतहि असें सरकणें घडतें हें वर उल्लेखिलेल्या रॉबर्ट्स-ऑस्टेननें १८९६ सालीं सिद्ध केलें. त्यानें शिशांत सोनें मुरवून दाखविलें.

या नियमाचा व्यवहारांतील अर्थ असा. ९२५ अंशांवर एका तासांत कर्बाची कातडी सुमारें ०.६ मिलिमीटर होते. ती दुप्पट करावयाची तर दोन तास पुरत नाहींत, चार लागतात. तिप्पट करावयास नऊ, चौपट करावयास सोळा. जो कर्ब मागाहून येतो त्याला आधीं आलेल्यांच्या मागें लांबचा पल्ला चालावा लागतो. आंच वाढविली तर गति वाढते हें खरें. परंतु पोलादाचे कण मोठे होऊन तें कमकुवत होण्याचा संभव असतो आणि भट्टीचें आयुष्य घटतें. कर्बशक्ति वाढवून घाई करणें तर त्याहून घातक. आंत जाण्याच्या वेगापेक्षां बाहेरून येणारा पुरवठा अधिक झाला म्हणजे काजळी धरते. पृष्ठभागाशीं लोखंड व कर्ब यांच्या ठिसूळ संयुगाचें जाळें विणलें जातें, आणि दांताचा टवका त्या जाळ्यावरूनच उडतो. म्हणून जाणते कारागीर प्रथम कर्बशक्ति थोडी चढी ठेवतात, आणि पुढें ती उतरवून, आलेला कर्ब आंत मुरावयास अवकाश देतात. आधीं वाढावें, मग पचूं द्यावें, हा क्रम भट्टीलाहि लागू आहे. ज्या भागाला कर्ब मुळींच नको, उदाहरणार्थ आंट्यांच्या जागा, त्यांवर तांब्याचा पातळ मुलामा देतात. तांबें कर्बाला आंत जाऊं देत नाहीं.

यानंतर चाकें तप्त असतांनाच तेलांत बुडवितात. येथें कठिणतेखेरीज दुसरा एक लाभ पदरांत पडतो. थंड होतांना पोलादाच्या अणूंची मांडणी पुन्हां पालटते आणि त्या पालटांत पोलाद किंचित् फुगतें. अल्प कर्बाचा गाभा हा पालट आधीं उरकतो. कर्बानें भरलेली कातडी मागाहून फुगूं पाहते, तों गाभा घट्ट झालेला असतो आणि तिला पसरूं देत नाहीं. परिणामीं कातडी कायमची दाबाखालीं राहते. भेग पडावयाची तर दोन्ही बाजूंनीं ताण लागतो. दाबलेल्या जागीं ती सहजासहजीं उघडत नाहीं. लक्षावधि धक्के सोसूनहि दांताचें मूळ तडकत नाहीं याचें एक मोठें कारण हें आहे. शेवटीं १५० ते २०० अंशांपर्यंत पुन्हां मंद तापवून ठिसूळपणा थोडा उतरवितात.

या कृतींत धोका नाहीं असें नाहीं, आणि तो आधीं कामगाराच्या वांट्यास येतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो रक्तांत शिरला म्हणजे रक्ताला प्राणवायु वाहूं देत नाहीं. हायड्रोजन व हा वायु हवेशीं मिसळून साठले आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. म्हणून भट्टी ७६० अंशांच्या वर तापल्याखेरीज हा वायु आंत सोडावयाचा नाहीं, असा दंडक आहे. तेवढ्या आंचेंत वायु हवेशीं भेटतांच जळून जातो, साठून राहत नाहीं. दाराशीं तेवणारी ज्योत विझूं न देणें ही त्या ठिकाणीं शोभेची गोष्ट नव्हे, तर जीवाच्या राखणीची आहे. गेल्या कांहीं दशकांत निर्वात भट्टींत ॲसेटिलीन वायूच्या थोड्या थोड्या मात्रा सोडून हेंच काम करण्याची रीत पुढें आली आहे. तींत कार्बन मोनॉक्साइडचा वाहक वायु लागत नाहीं. तथापि कर्ब मुरण्याचा नियम तेथेंहि तोच आहे.

भट्टींतून निघालेलें बरें चाक आणि बिघडलेलें चाक शेजारीं शेजारीं ठेवलें, तर वर्षानुवर्षें काम केलेल्या मनुष्यालाहि नुसत्या नजरेनें फरक सांगतां येईल असें नाहीं. म्हणून प्रत्येक घाण्याबरोबर त्याच पोलादाचा एक लहान तुकडा भट्टींत ठेवतात. चाकें वांचावीत म्हणून तो तुकडा कापला जातो, घासून आरशासारखा केला जातो, आम्लानें धुऊन सूक्ष्मदर्शकाखालीं धरला जातो. पृष्ठभागापासून आंत पावलापावलानें कठिणता मोजतात आणि ती ठरीव आंकड्याखालीं कोठें उतरते तें पाहतात. त्या खोलीचा आंकडा वहींत लिहिला जातो. तो आंकडा कमी भरला असतां 'चालेल' म्हणून माल पुढें धाडणें फार सोपें असतें, कारण बाहेरून कोणालाहि कांहीं दिसणार नसतें. घाट उतरणाऱ्या मोटारींतील चाळीस-पन्नास माणसांना त्या वहीचें नांवहि ठाऊक नसतें. त्यांच्या आणि दरीच्या मध्यें जीं अनेक आवरणें आहेत, त्यांत एक मिलिमीटरभर कर्बाचें हेंहि एक असतें. आणि तें खरें कीं खोटें, हें रात्रपाळीला वही लिहिणाऱ्या हाताच्या प्रामाणिकपणावर ठरतें.